बेळगावात ऐकणारे आहेत की!
वर एका दादांनी लिहिलंय की इंडी बँड (मोठ्या म्युझिक कंपनीशिवाय, स्वतःच्या बळावर गाणी करणारे) नवा अल्बम घेऊन पुणे-बेंगळुरू करतात आणि बेळगाव गाळतात, कारण इथं ऐकणारेच नाहीत. दादा, हे पटत नाही. दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या इंडी बँडचा ‘बेटा’ हा अल्बम 2024 मध्ये आला, त्यांच्या ‘बिस्मिल्ला’ अल्बमनंतर पाच वर्षांनी. तेव्हा टिळकवाडीतल्या आमच्या कट्ट्यावर दुसरं काही वाजतच नव्हतं. त्यांच्या गाण्यात ट्रम्पेट मागून हळूच येतो आणि बघता बघता सगळं गाणं ताब्यात घेतो. वरातीतला बँड ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना तो लगेच जवळचा वाटतो. इंग्रजी गाणी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा हेडफोन लावून ऐकावंच.

ऐकणारे आहेत, बोलावणारे नाहीत. पुणे-बेंगळुरू महामार्ग गावाला लागून जातो, चोर्ला घाट उतरला की गोवा. दौऱ्यात दोन शहरांमध्ये बऱ्याचदा एखादा दिवस मोकळा असतो, त्यात छोटा कार्यक्रम बसू शकतो. फक्त तिकिटं खपतील याची खात्री आधी द्यावी लागते. निपाणी, खानापूर, चंदगड, धारवाडच्या पोरांची नावं गोळा करूया. फुकट पास मागायची सवय मात्र सोडा. टिळकवाडी-शहापूरची यादी मी करतो, खानापूरची कोण घेतंय?