"रोज 3 रील टाका, गिऱ्हाईक दारात": हे सोलापुरात चालतं का?

चादर_हिशोब
व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: "रोज 3 रील, रोज 500 रुपयांचं बूस्ट, पाटी-पॉम्प्लेट बंद करा, गिऱ्हाईक आपोआप दारात." खाली अंगठ्यांची रांग. हिशोब मात्र कुणी केलेला दिसत नाही.

बूस्ट म्हणजे इन्स्टाग्रामला पैसे देऊन रील जास्त लोकांना दाखवणं. रोज 500 म्हणजे महिन्याला 15,000. वर 18 टक्के जीएसटी, झाले 17,700. ज्याची नोंदणीच नाही त्याचे ते 2,700 गेलेच समजा. बरं, बूस्ट करताना उद्दिष्ट 'प्रोफाइलला भेट' ठेवलं की इन्स्टाग्राम इमानदारीत भेटीच आणून देतं. बघणारे नागपूरचे असोत की गुवाहाटीचे, नवी पेठेतल्या साडीच्या दुकानाला काय फरक पडतो? पैसे घालायचेच असतील तर उद्दिष्ट 'मेसेज' ठेवा आणि ठिकाण हाताने निवडा, आपोआपवर सोडू नका.

त्याआधी फुकटातली कामं करा. गूगल मॅपवरची पिन तपासा. चाटी गल्लीत ती जरा सरकली तरी बाहेरगावचा माणूस भलत्याच बोळात उभा राहून फोन लावतो. समोरच्या बाजूने काढलेला दर्शनी फोटो, सुट्टीचा वार आणि उचलला जाणारा नंबर, एवढं तरी ठेवा. दुकानाच्या नावात "सोलापूर बेस्ट चादर टॉवेल होलसेल" कोंबू नका, प्रोफाइल बंद पडू शकतं. "पाच स्टार द्या, 50 रुपये सूट घ्या" हेही गूगलच्या नियमात बसत नाही.

रील_मास्तर
हिशोब बरोबर, निष्कर्ष साफ चुकला. साडीच्या दुकानाचं ठीक आहे, पण चादरीचं गिऱ्हाईक सोलापुरात आहे का? इथल्या घरात एक चादर वर्षानुवर्षं चालते. घेणारा पुण्या-मुंबईत, बेंगळुरात बसलाय. त्याला तुमची पिन घेऊन काय करायचंय?

रील चालत नाहीत कारण करता येत नाहीत. पहिले तीन सेकंद दुकानाचा लोगो फिरतो, तोवर बोट वर सरकलेलं असतं. घडी झटकून चादर उघडते तिथून सुरुवात करा. किंमत अगदी खाली लिहितात, ती कॅप्शनखाली झाकली जाते. 1080 × 1920 च्या चौकटीत मजकूर मधल्या पट्ट्यात हवा. ट्यूबलाइटखाली शूटिंग केलं की मरून रंग लाल दिसतो आणि पार्सल परत येतं. सकाळी सावलीत घ्या. गाजलेलं गाणं लावायला बिझनेस खातं पर्सनल करणारे महाभागही आहेत. तसली रील पुढे बूस्ट होत नाही, मग "इन्स्टाने दाबलं" म्हणून ओरड.

पूर्वभाग
रील-बिल राहू द्या ओ. आधी हे सांगा, ऑनलाइन "सोलापुरी चादर" म्हणून जे विकतात त्यातलं सोलापूरचं किती? भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्याच गावचा असल्याचा सरकारी शिक्का, मिळून काय झालं? मानांकनाचं लेबल नोंदणी केलेल्यालाच वापरता येतं, पण नाव कुणीही लावतंय. पॉलिस्टर मिसळलेला माल, वर आपल्या गावाचं नाव, खाली निम्मा दर. तुमची सुती चादर त्याच्या शेजारी महागडी दिसणारच की.

रील_मास्तर
मग दाखवा ना फरक! कडेचा एक धागा ओढा, जाळा. सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो, राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक गाठ होते. चादर काट्यावर ठेवा, आकडा कॅमेऱ्यात येऊ द्या, उलटी बाजू दाखवा. वीस सेकंदांचं काम आहे.

पूर्वभाग
आणि त्याच व्हिडिओवरचं नाव कापून उद्या तोच पॉलिस्टरवाला वापरणार. कोपऱ्यातला वॉटरमार्क कापायला कितीसा वेळ लागतो?

रील_मास्तर
कोपऱ्यात कशाला टाकता? काट्याखाली दुकानाचं छापील बिल ठेवून शूट करा. ते कापलं तर आकडाही जातो. दरवेळी "लोक चोरतात" म्हणून हातावर हात ठेवून बसायचं असेल तर बसा.

पूर्वभाग
बसायला वेळ कुणाला आहे बे? सुताचा दर वाढला, विजेचं बिल वाढलं, त्यात हे नवीन की रोज कॅमेऱ्यापुढे नाचा. मागावर उभा राहणारा माणूस हे कधी करणार?

पार्सल_गणित
भांडा निवांत. तोवर कुणी कुरिअरचं बोलणार का? चादर जड आणि वर फुगीर. कुरिअरवाले खोक्याच्या आकारावरूनही वजन धरतात, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार बहुतेक ठिकाणी 5,000 ने भागून. खोका 40 × 30 × 12 सेंटिमीटरचा झाला तर 14,400 भागिले 5,000, म्हणजे 2.88 किलो. आत दीड किलो असलं तरी जे जास्त भरेल त्यावर भाडं. खोका सोडा, घडी दाबून जाड पॉलिथीन पाकिटात भरा.

खरी मार कॅश ऑन डिलिव्हरीत बसते. रात्री रील बघून मागवतात, चार दिवसांनी दारात आलं की "नको". जायचं-यायचं भाडं विकणाऱ्याच्या डोक्यावर. निदान 100 रुपये आगाऊ यूपीआयने घ्या आणि पाठवायच्या आधी पत्ता, पिनकोड व्हॉट्सॲपवर परत लिहून घ्या. आणि मास्तर, बेंगळुरू-बेंगळुरू करताय, राज्याबाहेर माल विकला की उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागते. हातमागाच्या मालाला अटींवर सवलत आहे, पॉवरलूमवाल्याने त्या भरवशावर राहू नये.

कडक_भाकरी
आमच्या शेंगा चटणीवाल्यांचं वेगळंच चाललंय. रीलमध्ये ताट सजवलेलं, पाकिटावर ना एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, 14 आकडी नंबर, ना तयार केल्याची तारीख. दाण्याला तेल सुटलेलं असतं, उन्हात पडलं की खवट वास. मग कॉमेंटमध्ये बोंब. माल पोचेपर्यंत टिकत नसेल तर जाहिरात करून बदनामीच विकत घेताय की.

चादर_हिशोब
मास्तर, धागा जाळायची कल्पना चांगली आहे, तेवढी घेतली. पण तीही आठवड्याला एक रील झाली, रोज तीन नाही. मुळात ती पोस्ट हेच तर विकत होती!

व्हॉट्सॲपचंही सांगून टाकतो. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. म्हणून बिल देताना तिथल्या तिथे गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या. विकत घेतलेल्या याद्यांवर गठ्ठ्याने मेसेज मारले तर लोक स्पॅम म्हणून कळवतात, नंबर बंद होतो आणि जुनी गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर जातात.

रील_मास्तर
आठवड्याला एक तर एक. निदान करा तरी. पण मग किंमत लिहा! "प्राइस?" विचारलं की "डीएम करा" हे कुठलं शास्त्र? रात्री अकराला विचारलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, तोवर त्याने दुसरीकडून घेतलेलं असतं.

पूर्वभाग
शास्त्र नाही, धंदा आहे. ठोकचा दर रीलवर टाकला की लातूर-कलबुर्गीचा दुकानदार फोन करतो, "माझं गिऱ्हाईक तुमचा दर दाखवतंय, पुढचा माल कॅन्सल." दोन-चार किरकोळ चादरींसाठी गठ्ठ्यांचं गिऱ्हाईक घालवू?

रील_मास्तर
किरकोळचा दर लिहा, त्या दुकानदाराच्या दराइतकाच ठेवा. ठोकसाठी वेगळा नंबर, कॅटलॉग वेगळा.

पूर्वभाग
दोन नंबर, दोन कॅटलॉग, उत्तरं द्यायला माणूस एकच. तुम्ही येता का बसायला?

पार्सल_गणित
मास्तर येतील. पण आगाऊ 100 रुपये घ्या त्यांच्याकडून.