मदत हवी आहे: घाटात ब्रेक पेडल तळाला टेकले, आता गाडी डावीकडे ओढते

प्रश्न

नमस्कार मंडळी. गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, 62,000 किमी, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना (चार माणसे, डिकी भरलेली) शेवटच्या टप्प्यात पेडल मऊ पडत गेले आणि एका वळणावर जवळजवळ तळाला टेकले. पटापट दोन-तीनदा दाबल्यावर गाडी थांबली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले.

तेव्हापासून सपाट रस्त्यावरही गाडी डावीकडे ओढते. पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा खूप तापते, त्याच्या रिमवर काळी भुकटीही जास्त दिसते. 80 च्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरते. ब्रेक ऑइल कधी बदलले याची नोंद नाही. टाकीत पातळी मिनच्या किंचित वर, रंग कोऱ्या चहासारखा.

गॅरेजचा सल्ला: पुढच्या दोन्ही डिस्क, पॅड, दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप), सगळे एकदम बदला. खरेच एवढे लागते का? काय तपासू?

प्रतिसाद 1

आधी एक कळकळीची विनंती: निदान होईपर्यंत ही गाडी घाटात किंवा हायवेवर नेऊ नका.

घाटात ब्रेक दोन प्रकारे दगा देतात. पॅड अतितापले तर पेडल कडकच राहते, पण गाडी थांबत नाही. पेडल खाली गेले तर ब्रेक ऑइल उकळले असे समजा: ऑइल दाबले जात नाही, त्यातली वाफ दाबली जाते. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा ऑइल होते, म्हणून अर्ध्या तासात पेडल परत आले. तुमची केस ही आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट 3 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) नवे असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. आता घाटाचा हिशेब करा. सुमारे 1,100 किलोची गाडी 1,250 मीटर खाली आली की पावणेचार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. थोडी टायर आणि वारा खातात. बाकीची दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात इंजिनाने अडवली नाही तर उष्णता होऊन ब्रेकवर येते.

मला वाटते मूळ दोष एकच आहे. डावा कॅलिपर अडकलेला असावा. पॅड सतत डिस्कला घासत राहिला, त्या चाकावरचे जुने ऑइल आधी उकळले आणि तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर बसून थरथर सुरू झाली. आधी तो कॅलिपर उघडा.

प्रतिसाद 2

सहमत. उघडायच्या आधी जागेवर दोन चाचण्या करा, मास्टर सिलिंडरचा प्रश्न तिथेच सुटेल.

इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक. नंतर इंजिन चालू ठेवून पेडल हलक्या, एकसारख्या जोराने तीस सेकंद धरा. हळूहळू खाली जात राहिले आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टरचे आतले सील गेले. जागेवर थांबले तर मास्टर बदलायचे कारण नाही.

मग गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीशी काम करू नका. चाक काढा, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन्ही स्लाइड पिना हाताने आत-बाहेर सरकतात का बघा. नंतर जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश दाबा. दाबताना टाकीतली पातळी वर येते, ऑइल बॉनेटवर सांडले तर रंग उचलते. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पिस्टन जात नसेल तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा ऑइल-हवा सोडायचा स्क्रू) थोडा सैल करून पुन्हा दाबा. आता गेला, तर कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज आतून बंद झाला आहे: जोराने आलेले ऑइल आत जाते, परत येत नाही. तरीही नाही गेला, तर पिस्टन गंजला.

धागाकर्ता

तीस सेकंदांत पेडल हलले नाही, बूस्टरही ठीक. डाव्या कॅलिपरची खालची पिन जाम, ठोकून बाहेर काढावी लागली. पिस्टन निपल न उघडता आत गेला. डावे पॅड: आतला 3 मिमी, बाहेरचा 6. उजवे दोन्ही 6. डिस्कवर मिन टीएच 18 (किमान जाडी, मिमी) कोरले आहे; वर्कशॉपमध्ये मायक्रोमीटरने आठ जागी मोजले, 18.90 ते 18.93.

प्रतिसाद 1

उत्तर मिळाले. पिन अडकल्यामुळे पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच झिजत होता. कॅलिपर चांगला आहे. त्याला नव्या पिना आणि रबरी बूट घाला, पिनेला फक्त सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावा. साधे चॅसिस ग्रीस लावले तर बुटाचे रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. उजव्या बाजूच्या पिनाही काढून साफ करा.

डिस्क बदलू नका. जाडीतला 0.03 मिमी फरक थरथरीला पुरेसा आहे, पण 18 पर्यंत भरपूर वाव आहे. दोन्ही डिस्क लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग किंचित कापून सपाट करून) घ्या, प्रत्येक बाजूने 0.1 ते 0.2 मिमी. बसवण्याआधी हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर सरळ केलेली डिस्कही वाकडी फिरेल. पॅड दोन्ही चाकांचे नवेच घाला.

प्रतिसाद 2

ऑइलसाठी टाकीच्या झाकणावर काय लिहिले आहे ते पाहा. डॉट 3 असेल तरी डॉट 4 चालते, डॉट 5 मात्र सिलिकॉनचे असते, ते मिसळू नका. सीलबंद एक लिटर आणा. वर्षभर उघडा पडलेला डबा नको.

नवे ऑइल भरून एअर काढताना निपलला पारदर्शक नळी लावा. पेडल दाबले की निपल उघडा, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडा. पेडलखाली दीड-दोन इंचांचा लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टरमध्ये सील ज्या भागात कधी जात नाही तिथे गंज असतो, पेडल पार तळाला नेले की धडधाकट सील तिथे फाटते. टाकी रिकामी पडू देऊ नका, एबीएस युनिटमध्ये हवा शिरली तर स्कॅनर लावावा लागतो. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. मागचे ड्रमही उघडू का? हँडब्रेक बारा टिकटिकींवर लागतो.

प्रतिसाद 2

उघडाच. बारा म्हणजे लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) झिजलेत किंवा ती झीज आपोआप भरून काढणारा ऑटो-ॲडजस्टर अडकला आहे. तसे असेल तर घाटात पुढच्या चाकांवर भार आणखी वाढला असणार. व्हील सिलिंडरचे बूट उचलून ओल दिसते का बघा. भुकटी हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सगळे झाल्यावर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका. मग ब्रेक कमीत कमी वापरत दहा किलोमीटर चालवून दोन्ही रिमजवळ हाताचा पंजा धरा. दोन्हीकडे ऊब सारखी लागली पाहिजे.