सोचीतले नऊ शतांश

बर्फातली_बाई :
2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये महिलांच्या फिगर स्केटिंगचं सुवर्ण रशियाच्या सोत्निकोवाला, रौप्य कोरियाच्या युना किमला. त्यावर काल इथे एकाने ठोकून दिलं, "युना किमचं रडगाणं बंद करा. सोत्निकोवाच्या तिहेरी उड्या सात, किमच्या सहा. विषय संपला." उत्तर लांबलं म्हणून नवा धागा.

सात-सहा मान्य. फ्री स्केटमध्ये (दोनपैकी लांब कार्यक्रमात) मूळ मूल्य, म्हणजे उड्या-गिरक्यांच्या अवघडपणाचे ठरलेले गुण, 61.43 विरुद्ध 57.49, तेही मान्य. अवघड कार्यक्रम आणला, गुण घेऊ दे. माझं भांडण कॉम्पोनंट्सच्या, म्हणजे कला आणि सादरीकरणाच्या गुणांच्या, रकान्याशी आहे. किम 74.50, सोत्निकोवा 74.41. फरक नऊ शतांशांचा! जानेवारी 2014 मध्ये बुडापेस्टला, युरोपियन स्पर्धेत, सोत्निकोवाला याच रकान्यात 69.60 होते. महिन्याभरात एवढी कला कुठल्या दुकानातून आणली? तिच्या फ्लिप उडीच्या कॉम्बिनेशनमधला (सलग उड्यांमधला) शेवटचा डबल लूप उतरताना फसला, तो तर सगळ्यांनी पाहिला. आणि किम लट्झ ही उडी उतरते तेव्हा वेग जराही मोडत नाही, पुढची हालचाल त्यातूनच उमलते. आवाज बंद करून बघा, तरी कळेल.

गणिती_गणू :
बाई, उमलणं राहू द्या, वजाबाकी करा. एकूण फरक 5.48. सोत्निकोवाला तुमचे बुडापेस्टचे 69.60 च द्या, 4.81 कमी होतात. तरी ती 0.67 ने जिंकते. झालं?

बर्फातली_बाई :
0.67 चा हिशेब बरोबर आहे, घ्या, पेढे वाटा. पण मग जीओई, म्हणजे प्रत्येक घटक किती चांगला केला त्याचे वाढीव गुण? तिला 14.11, किमला 12.20. लट्झला स्केटच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवरून उडायचं असतं. सोत्निकोवाची कड ऐनवेळी आत वळते, हे कुणाला नवीन आहे? त्यावर चुकीच्या कडेची खूण नाही. पॅनेलवर कोण, तर रशियन फेडरेशनच्या बड्या पदाधिकाऱ्याची बायको, आणि 1998 च्या नागानो ऑलिंपिकला आइस डान्सचा निकाल आधीच फोनवर सांगितला म्हणून निलंबित झालेले एक गृहस्थ. वर कोणी किती दिले ते गुप्त. गुप्त गुण 2016 ला बंद केले, ते काय उगाच?

तिसरी_घंटा :
परीक्षकांचं काही बोलू नका. आमच्या कॉलेजची एकांकिका एका स्पर्धेत, नाव नको, प्रकाशयोजनेत दुसरी आली. पहिला आला परीक्षकांचा भाचा! त्याचा एक स्पॉट अख्खा प्रवेशभर नटाच्या गुडघ्यावर होता.

खवचट_काका :
प्रतीकात्मक असेल हो.

तिसरी_घंटा :
काका, मी तीन रात्री डिमर बोर्डाशेजारी झोपलोय. चेष्टा नको.

जर्सीची_आई :
स्केटिंगवर या जरा. माझी लेक आठ वर्षं रिंकवर जातेय, पहाटे पाचला गाडी काढते मी. गेल्या स्पर्धेत दोन उड्यांवर पाव फेरा कमी म्हणून खूण लागली आणि ती चौथी आली. घरी येईपर्यंत शब्द नाही. म्हणून सांगते, नियम काटेकोर असतील तर सगळ्यांना असू देत. पण "कलेला किंमत नाही" हेही खोटं. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकला रशियाच्या ट्रुसोव्हाने फ्रीमध्ये पाच क्वाड (हवेत चार फेऱ्यांच्या उड्या) मारले, 177.13 मिळवले, तरी रौप्य.

गणिती_गणू :
ती छोट्या कार्यक्रमात अ‍ॅक्सल उडीवर पडली म्हणून मागे राहिली. कलेचा काय संबंध?

जर्सीची_आई :
आणि तिथलीच जपानची साकामोतो? क्वाड नाही, ट्रिपल अ‍ॅक्सल नाही, 233.13, कांस्य. ते काय दयेवर?

गणिती_गणू :
...बरं. साकामोतो दिली तुम्हाला.

खवचट_काका :
इतिहासात नोंद करा, गणूने काहीतरी दिलं.

एकांकिकावाली_मीनू :
@तिसरी_घंटा, गुडघ्यावरचा स्पॉट? मी त्या प्रयोगाला होते! पण तुमचा दुसऱ्या अंकातला ब्लॅकआउटही उशिरा पडला होता. टेबल हलवताना मुलं दिसली.

तिसरी_घंटा :
एकांकिकेला दुसरा अंक नसतो.

एकांकिकावाली_मीनू :
मग दुसरा प्रवेश. मुलं दिसली ना?

तिसरी_घंटा :
दोन सेकंद! त्यासाठी गुडघा जिंकतो का?

बर्फातली_बाई :
माझ्या धाग्याचं पार नाट्यगृह झालं. गणू, शेवटचं : कडेची खूण लागली असती तर जीओई पडला असता की नाही? तुमचे 0.67 त्यात गेले असते.

गणिती_गणू :
असता, असते. "जर"चे गुण कोणत्या रकान्यात मांडू? कड थोडी आत होती, एवढं म्हणतो. थोडी.

बर्फातली_बाई :
स्क्रीनशॉट काढलाय.

खवचट_काका :
घंटा, तो भाचा पुढे काय करतो?

तिसरी_घंटा :
प्रकाशयोजनाच. आता बरी करतो, तेच सहन होत नाही.