पायथनमध्ये लिहिलेला जावा: कोडला भाषेचे वळण कसे लावावे?

अर्धविराम यांचा प्रश्न

नऊ वर्षे जावामध्ये काम केल्यानंतर गेल्या काही महिन्यांपासून मी पायथनमध्ये लिहीत आहे. माझे प्रोग्राम बिनचूक चालतात. तरीही कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याने परवा ‘हा पायथनमध्ये लिहिलेला जावा आहे’ असा शेरा मारला. शेरा झोंबला, पण खोटा वाटला नाही. लिस्टमधील घटक वाचताना मी अजूनही आधी तिची लांबी काढतो आणि शून्यापासून इंडेक्स मोजत एकेक घटक उचलतो. क्लासमधील प्रत्येक ॲट्रिब्यूटसाठी गेटर-सेटर, म्हणजे त्याची किंमत वाचणाऱ्या व बदलणाऱ्या मेथड, लिहितो. डिक्शनरीतून काही घेण्यापूर्वी ती ‘की’ (ज्या नावाखाली किंमत ठेवलेली असते ते) तिथे आहे का, हे न चुकता तपासतो. उपाय म्हणून मी लिस्ट कॉम्प्रिहेन्शनचा, म्हणजे लूप एका ओळीत लिहून लिस्ट बनवण्याच्या रचनेचा, सपाटा लावला, तर तीन लूप एका ओळीत कोंबलेला तो कोड आठवड्याभराने मलाच उलगडेना. भाषेच्या वळणाचा कोड म्हणजे नेमके काय?

समास यांचे उत्तर

ओळी कमी झाल्या की कोड पायथनच्या वळणाचा झाला, असे आपण गृहीत धरलेले दिसते आणि घोटाळा तिथेच आहे. ‘मी आंघोळ घेतली’ हे वाक्य व्याकरणात बसते, पण मराठी माणूस आंघोळ ‘करतो’. दोन्ही वाक्यांची लांबी सारखीच आहे.

आपला इंडेक्सचा लूप घ्या. पायथनचा फॉर लूप समोरच्या वस्तूकडे फक्त ‘पुढचा घटक दे’ एवढीच मागणी करतो, आणि ती मागणी लिस्ट, डिक्शनरी, उघडलेली फाइल, जनरेटर (मागणीनुसार एकेक घटक तयार करून देणारा) असे सगळेच पुरवू शकतात. लांबी आणि इंडेक्स मागणारे फंक्शन मात्र फाइल किंवा जनरेटर हाती देताच कोलमडते, कारण त्यांना लांबीच नसते. त्यामुळे घटकांवर थेट लूप चालवल्याने कोड नेटका दिसतो हे खरे असले, तरी त्याहून मोठी गोष्ट अशी की तेच फंक्शन जास्त ठिकाणी उपयोगी पडते. क्रमांक खरोखरच हवा असेल तर २००३ मधील २.३ आवृत्तीपासून एन्युमरेट आहे. दोन लिस्ट जोडीने वाचायच्या असतील तर झिप आहे. मात्र एक लिस्ट आखूड निघाली तर झिप काहीही न सांगता तिथेच थांबते, म्हणून लांबी सारखी असणे आवश्यक असेल तिथे ३.१० पासून मिळालेला स्ट्रिक्ट हा पर्याय जरूर द्यावा.

गेटर-सेटरची सवय जावामध्ये शहाणपणाचीच होती. तिथे फील्ड उघडे ठेवले आणि पुढे त्यावर तपासणी बसवायची वेळ आली, तर ते वापरणारा सगळा कोड बदलावा लागतो. पायथनमध्ये साध्या ॲट्रिब्यूटचे नंतर प्रॉपर्टीमध्ये, म्हणजे ॲट्रिब्यूटसारख्याच वापरता येणाऱ्या मेथडमध्ये, रूपांतर करता येते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्या भीतीपोटी ती सवय लागली, ती भीतीच इथे उरत नाही.

डिक्शनरीसाठी गेट मेथड (की नसेल तर ठरवलेली पर्यायी किंमत देणारी) आणि मोजणी करायची असेल तर काउंटर पुरेसा आहे. आधी तपासण्यापेक्षा सरळ करून पाहावे आणि एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आल्यास सांभाळावे, ही पायथनमधील रुळलेली रीत आहे. फाइलच्या बाबतीत तर ती अधिक सुरक्षितही ठरते, कारण ‘फाइल आहे’ हे कळणे आणि ती उघडणे यांच्या मधल्या क्षणी दुसरा एखादा प्रोग्राम ती पुसू शकतो.

काना_मात्रा यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे, पण वळणाच्या नावाखाली मी एकदा चांगलाच फसलो आहे. कमाल मर्यादा हा ऐच्छिक पॅरामीटर घेणाऱ्या फंक्शनमध्ये ‘इफ नॉट मर्यादा’ असे ऐटीत लिहून मी ती नसल्यास १०० धरली होती. कुणीतरी मुद्दाम ० पाठवला, आणि पायथनच्या लेखी ०, रिकामी स्ट्रिंग व नन (‘काहीच नाही’ दाखवणारी किंमत) हे सगळेच असत्य असल्याने त्यालाही १०० नोंदी मिळाल्या. ननशी तुलना ‘इज’ने करावी असे पेप ८ या पायथनच्या लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलेले आहे, मी त्यातले मोकळ्या जागांचे आणि ओळीतील ७९ अक्षरांचे नियम तेवढे पाळत होतो.

कॉम्प्रिहेन्शनबाबत माझी मर्यादा एक फॉर आणि फार तर एक अट अशी आहे; त्यापुढे साधा लूप लिहावा. प्रत्येक घटक नुसता छापण्यासाठी कॉम्प्रिहेन्शन वापरणे तर अगदीच खटकते, कारण त्यातून ननने भरलेली एक लिस्ट तयार होते आणि लगेच टाकून दिली जाते.

अर्धविराम

दोघांचेही आभार. लॉगमधील ओळींच्या लिस्टवर चालणारे माझे एक फंक्शन थेट लूपने पुन्हा लिहिले आणि त्याला उघडलेली फाइलच दिली. संपूर्ण फाइल मेमरीत भरण्याची गरज उरली नाही. मात्र त्याच फंक्शनमध्ये मी आधी एकूण ओळी मोजतो आणि मग चुकांच्या ओळी वेगळ्या काढतो. दुसऱ्या लूपला एकही ओळ मिळत नाही.

समास

पहिल्या लूपने फाइल शेवटपर्यंत वाचून संपवली आहे. जनरेटर दिला असता तरी हेच घडले असते. दोन्ही कामे एकाच लूपमध्ये करावीत. ते शक्यच नसेल तर फंक्शनच्या सुरुवातीला लिस्ट करून घ्यावी, पण मग मेमरीची बचत सोडून द्यावी लागेल. आपल्या बाबतीत एक लूप सहज पुरेल.