बोरन्हाणाचा काळा स्वेटर: बॉर्डरला एक सुलट एक उलट सोडून काय घालू?

लश्करची आत्या:
नमस्कार सगळ्यांना. भाच्याचं यंदा पहिलं बोरन्हाण आहे. ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं कधीकधी दुपारपर्यंत हलत नाही, त्यात लेकराला पातळ काळ्या झबल्यात पाटावर बसवायचं म्हणजे कुडकुडणार ते, म्हणून वहिनीला म्हटलं काळा स्वेटरच विणते, हलव्याचे दागिने त्याच्यावरून घालू. लोकर बारीक आहे, १० नंबरच्या सुया, इंचाला ७ टाके, मागचा भाग १० इंच म्हणजे ७० टाके. अंगाला साधी वीण, एक ओळ सुलट एक उलट, कारण काळ्यात डिझाइन उठून दिसत नाही. मग जी काय शोभा ती बॉर्डरला. आजी, आई, मी, आमच्याकडे सगळ्यांनी आजवर एक-एक (एक टाका सुलट, एक उलट) नाहीतर दोन-दोनची बॉर्डरच घातली, यावेळी मला खरंच काहीतरी वेगळं हवंय. साबुदाणा वीण करून बघितली, १५ ओळी झाल्या, दिसते फार गोड, अगदी हलव्याच्या दाण्यासारखी, पण घेर सैल राहतोय, खालून झालरीसारखं पसरतंय. माझं काय चुकतंय?

बडोद्याची मावशी:
अगं चुकलं काहीच नाही. नेहमीच्या बॉर्डरमध्ये सुलट टाक्यावर सुलट आणि उलटावर उलट येतो, त्याचे उभे पट्टे होतात, सुलट पट्टा वर येतो, उलट आत दबतो आणि कापड बाजूबाजूनं आवळून येतं, ताणलं की उघडतं सोडलं की मिटतं. साबुदाण्यात सुलटावर उलट येतो, पट्टाच होत नाही, मग आवळणार कोण? ती सपाट बसते, गुंडाळत नाही, एवढंच तिचं काम. तुला साबुदाणाच हवा असेल तर १२ नंबरच्या, म्हणजे १० पेक्षा बारीक सुया घे आणि टाकेही कमी घाल, ७० च्या जागी ६३, आणि बॉर्डर संपली की एका ओळीत सारख्या अंतरावर ७ टाके वाढव. विषम आकडा असला की प्रत्येक ओळ सुलटनंच सुरू करायची, लक्षात ठेवायला सोपं. पण बाहीच्या मनगटाला साबुदाणा नको, वारा शिरेल.

राजवाडा इंदूर:
ताई मनगटाला छोटी वेणी घाला ना, जास्तीची सुई लागत नाही. मी लेकीच्या स्वेटरला घातलेली, ती कॉलेजात गेली तरी तो स्वेटर मी कोणाला दिलेला नाही. टाके ४ च्या पटीत अधिक २. पहिली ओळ २ उलट, २ सुलट असं करत शेवटी २ उलट, दुसरी ओळ जसे दिसतील तसे, सुलट दिसेल तो सुलट, उलट दिसेल तो उलट. तिसऱ्या ओळीत त्या २ सुलट टाक्यांची जोडी एकत्र सुलट विणायची पण डाव्या सुईवरून सोडायची नाही, उजवी सुई त्या दोघांच्या मधे घालून पहिला टाका परत एकदा सुलट विणायचा, आता दोन्ही सोडायचे. चौथी ओळ दुसरीसारखी. पीळ पडतो आणि मुळात दोन-दोनचीच बॉर्डर असल्यामुळे ताणही राहतो.
आणि याहून सोपं हवं असेल तर ४ च्या पटीत अधिक ३ टाके घ्या, म्हणजे तुमचे ७१. २ सुलट २ उलट करत जायचं, शेवटी ३ उरतात ते २ सुलट १ उलट, प्रत्येक ओळ हीच. दोन-दोनची बॉर्डर एका टाक्यानं सरकल्यासारखी दिसते, दोन्ही बाजू सारख्या. फक्त ही दोन-दोनइतकी आवळत नाही हं, सुया बारीकच घ्या.

विणकाम वेडी:
काळ्यावर पांढरं घाला!! सुलट टाके काळे, उलट टाके पांढरे, स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या स्वेटरांना असते तशी. पांढरा सुरू करताना पहिली ओळ पूर्ण सुलटच विणा, नाहीतर उलट टाक्यात खालच्या काळ्याचे ठिपके दिसतात.

बडोद्याची मावशी:
दिसायला सुरेखच आहे ती, पण एवढ्याशा बाळाला नको असं मला मनापासून वाटतं. मागून दोरे आडवे जातात, त्यामुळे ताण कमी होतो, आणि बाहीत हात घालताना इवलीशी बोटं त्या दोऱ्यांत अडकतात, कोवळं बोट वळतं आणि आपल्याला कळतही नाही ते का रडतंय. मोठ्यांच्या स्वेटरला घाला खुशाल.
लश्करच्या आत्ये, खालच्या काठाला दातेरी दुमड का नाही घालत? १२ च्या सुयांवर ६ ओळी साध्या, मग सुलट बाजूनं एक जाळीची ओळ: १ सुलट, मग लोकर पुढे घेऊन २ टाके एकत्र, असं शेवटपर्यंत, शेवटचा १ सुलट. ७० टाक्यांत बरोबर बसतं. मग १० नंबरवर परत ७ ओळी आणि जाळीवर दुमडून आतून सैल हातानं शिवायचं. काठाला बारीक बारीक दाते येतात. आवळत मात्र नाही.

लश्करची आत्या:
मावशी, बोटांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल रात्री दोन्ही नमुने विणून बघितले. खाली दातेरी दुमड, मनगटाला आणि गळ्याला इंदूरच्या ताईंची छोटी वेणी, असं ठरलं. वेणीची ओळ दिवसा खिडकीपाशी बसून करते, काळ्यात रात्री जोडी सापडत नाही. दुमडीची आतली पट्टी पांढरी घेतली आणि जाळीच्या पुढच्या ओळीपासून काळं, तर दात्यांतून किंचित पांढरं डोकावतंय, वहिनी म्हणाली हलवा लावल्यासारखं वाटतंय. आता एकच, शिवल्यावर काठ जरा फुगतोय, इस्त्री फिरवू का?

राजवाडा इंदूर:
इस्त्री अजिबात नको! लोकर ॲक्रेलिक असेल तर गरम लागली की वेणी कायमची चपटी होते, परत उभी राहत नाही, माझा एक गळा असाच गेलाय. ओला करा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट पसरून काठावर हातानं दाबत वाळवा. १४ तारखेला नाही झाला तरी रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं, घाई करून दुमड घट्ट शिवू नका.