तळाला मधमाशीचं पोळं, कंपनी कोणती? शनिवारच्या आत सांगा

भटकी_मैना: कामासाठी व्हिएन्नात आहे. नाशमार्क्टला शनिवारी जुना बाजार भरतो, तिथे चिनी मातीची एक प्लेट बघून ठेवलीय. तळाला कंपनीची खूण, निळं मधमाशीचं पोळं. दोन तास शोधलं, पोळेवाली कंपनी काही सापडेना. विकणारा १८० युरो म्हणतो, शिवाय १८०० सालची आहे म्हणतो. घेऊ का? पटकन सांगा.

जुनापुराणा: फोटो?

भटकी_मैना: चढत नाहीये. वर्णन केलंय की.

जुनापुराणा: कुठे केलंय? पुढे चित्र काय, सही आहे का, मागे आणखी काही लिहिलंय का?

सोनचाफा: डोळे झाकून माइसनचं घ्या. जर्मनीतला १७१० चा कारखाना, चीनसारखं अस्सल कडक पोर्सिलेन करणारा युरोपातला पहिला. त्यांची खूण म्हणजे निळ्या तलवारी, त्या बघायच्या, विषय संपला.

जुनापुराणा: ताई, ती पोळं म्हणतेय. आणि तलवारी काय, नकलांवरही असतात.

कपबशी: मैना, खूण वरची खाली करून बघ. पोळं नाहीये ते, ढाल आहे, मधे आडवे पट्टे. व्हिएन्नाच्या सरकारी कारखान्याची खूण. १७४४ ला मारिया थेरेसाच्या काळात तो सरकारने घेतला, १८६४ ला बंद पडला. पण नंतर तीच ढाल कितीतरी जणांनी उचलली, म्हणून नुसत्या ढालीवर जाऊ नको. खूण चकाकीच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या खाली हवी. नख फिरव, अडकलं तर वरून मारलीय. आणि १८०० नंतरच्या अस्सल मालावर मातीतच दाबलेले तीन आकडे सापडतात, ८१७ म्हणजे १८१७.

शांताक्का: कपातले चहाचे डाग खाण्याच्या सोड्याने जातात. ओल्या फडक्यावर घ्यायचा.

जुनापुराणा: अक्का, डागांचं कोणी विचारलंय?

शांताक्का: उद्या विचारतील. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यासुद्धा तशाच घासायचो.

भटकी_मैना: आकडे नाहीत. हां, पुढे चित्राखाली बारीक 'कौफमान' आहे. आणि ढालीखाली लाल अक्षरात 'ऑस्ट्रिया'. ते काय, देशाचं नाव, म्हणून लिहिलं नव्हतं.

जुनापुराणा: हेच आधी सांगायचं ना! १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यानंतर हे सर्रास दिसतं. १८०० सालचं विसर.

कपबशी: कौफमान म्हणजे चित्रकार अँजेलिका कौफमान, ती १८०७ ला वारली, आणि ही प्लेट काही तिने रंगवलेली नाही. तिच्या चित्रांवरून छापे काढायचे आणि नावही छापायचे. भिंगातून बघ, ठिपके दिसले की छापील.

सोनचाफा: छापील म्हणजे टाकाऊ का? शंभर वर्षांची तर असेलच. मी घेतली असती.

कपबशी: १८० ला?

सोनचाफा: माइसन असती तर.

भटकी_मैना: आज गेले होते. नख अडकलं. भिंग विकणाऱ्याचंच मागितलं, गालावर ठिपकेच ठिपके! त्याच्यासमोर बोट ठेवून 'ऑस्ट्रिया' वाचलं, तर गडी हसला. साठ म्हटलं, सत्तरला आला. घेतली, बाईचा निळा शेला फार गोड आहे. आता पुण्याला नेताना बॅगेत कशी गुंडाळू?

जुनापुराणा: नवा धागा काढ. आणि या वेळी प्लेट केवढी आहे ते आधीच लिही.