मदत हवी आहे: क्वीन्स पार्क क्लबचा इतिहास आबांना मराठीत कसा सांगू?

नमस्कार मंडळी,

पोस्ट जरा लांबली आहे, पण मदत मनापासून हवी आहे.

मी ग्लासगोच्या दक्षिण भागात राहते. ऑगस्टमध्ये माझे वडील कोल्हापूरहून पहिल्यांदाच इकडे येतायत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय ७८. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या संघातून लेफ्ट हाफला खेळायचे. दोघा भावांत बुटांचा एकच जोड होता. तो थोरल्या काकांच्या मापाचा, म्हणून आबा पुढे कापूस कोंबून खेळायचे. पैशांचा विषयच नव्हता. सामना जिंकला की सगळ्यांना मिसळ, एवढंच.

मी राहते तिथून दहा मिनिटांवर क्वीन्स पार्क नावाची मोठी बाग आहे. तिथल्या मोकळ्या मैदानावर खेळणाऱ्या तरुणांनी ९ जुलै १८६७ ला क्लब काढला आणि बागेचंच नाव त्याला दिलं. स्कॉटलंडमधला हा सर्वांत जुना फुटबॉल क्लब. त्यांचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे, त्याचा अर्थ 'खेळण्यासाठीच खेळणं'. हे त्यांनी दीडशेहून जास्त वर्षं पाळलं. खालच्या डिव्हिजनमध्ये राहिले, मोठमोठ्या क्लबांनी पोरं उचलून नेली, तरी खेळाडूला पगार दिला नाही. आबांना दाखवायचा तो हाच क्लब, हे मी केव्हाच ठरवलंय.

आबांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून दोनशे पानी वहीत मोठ्या अक्षरांत त्यांच्यासाठी हा इतिहास लिहून काढतेय. निम्मी वही झाली आणि तीन ठिकाणी अडलेय.

पहिली अडचण शब्दाची. पैसे न घेता खेळणाऱ्याला 'हौशी' म्हणावं, तर मला ते हलकं वाटतं. आपल्याकडे हौशे, नवशे, गवशे म्हणताना जो सूर लागतो तो या लोकांना शोभत नाही. हे देशातले सर्वोत्तम खेळाडू होते. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोच्या क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात फुटबॉलचा जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्यात स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. सामना ०-० सुटला. इंग्लंडवाले अंगाने दांडगे, चेंडू पायात आला की एकट्याने पळत सुटायचे. यांनी एकमेकांना पास देऊन त्यांना थोपवलं. अशा माणसांना काय म्हणू?

दुसरी अडचण, काय ठेवू आणि काय गाळू? पहिल्या सामन्याचं पत्र मला फार आवडतं. १८६८ च्या जुलैत थिसल नावाच्या संघाने आव्हान पाठवलं. क्वीन्स पार्कचे सचिव रॉबर्ट गार्डनर यांनी उत्तर लिहिलं की दोन्ही बाजूंनी वीस-वीस गडी असावेत, अशा हवेत दोन तास खेळ पुष्कळ झाला, आणि आमचा चेंडू मध्येच निकामी झाला तर खोळंबा नको, म्हणून तुमचाही चेंडू घेऊन या. १ ऑगस्टला सामना झाला, क्वीन्स पार्क २-० ने जिंकलं. हे तर राहणारच. पण नंतरचे दहा स्कॉटिश कप, १८८४ आणि १८८५ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सशी हरलेल्या इंग्लंडच्या एफए कपच्या दोन फायनल, सगळं लिहायला गेले तर गॅझेटियर होईल.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. नोव्हेंबर २०१९ मध्ये सभासदांनी मतदान करून ही परंपरा संपवली. ९१ टक्के मतं पगारी खेळाडूंच्या बाजूने पडली. आबांना हे सांगताना जीव वर-खाली होतो. बागेतल्या चिंचेखाली बसून त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलंय की पैसा आला की खेळ जातो. त्यांना हे कसं समजावू?

शिवाय त्यांचा गुडघा दुखतो. एका दिवसात फार पायपीट न होता काय दाखवता येईल, तेही सांगा.

पंचगंगाकाठची

---

नाट्यवेडी:

ताई, 'हौशी' शब्द टाकू नकोस गं. मी वीस वर्षं राज्य नाट्यस्पर्धेत हौशी गटात काम केलंय. दिवसभर नोकरी, रात्री अकरापर्यंत तालीम, नेपथ्याचा टेम्पो वर्गणी काढून. त्या शब्दात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. आणि आबा तालमीतले आहेत, त्यांना 'हौस' म्हणजे काय हे शिकवावं लागणार नाही. अगदीच वजन हवं असेल तर पहिल्यांदा 'पदरमोड करून खेळणारे' असं लिही आणि पुढे सगळीकडे 'हौशी'. एकदा अर्थ बसला की शब्द आपोआप मोठा होतो.

पदरमोड म्हटल्यावर आठवलं, १८७२ च्या एफए कपची गोष्ट वहीत घेतलीस का? मला सगळ्या इतिहासात तीच जास्त भिडते.

---

क्लाइडकाका:

मी ग्लासगोत तीस वर्षं आहे. वरच्या प्रतिसादातली गोष्ट मीच सांगतो.

एफए कप ही स्पर्धा १८७१ मध्ये सुरू झाली. चषकासाठी क्लबांकडून वर्गणी काढली, तेव्हा क्वीन्स पार्कने एक गिनी (एक पौंड एक शिलिंग) दिली. चषकाची किंमत साधारण वीस पौंड, म्हणजे लहानशा क्लबासाठी ही गिनी मोठीच होती. मार्च १८७२ मध्ये लंडनच्या ओव्हलवर वाँडरर्सशी उपांत्य सामना झाला. रेल्वेने एवढ्या लांब जाऊन ०-० बरोबरी केली. सामना पुन्हा खेळायचा तर लंडनमध्ये मुक्काम हवा किंवा दुसरी खेप हवी. खिशात तेवढे पैसे नव्हते. न हरता माघार घेऊन परत आले. वाँडरर्स पुढे गेले आणि पहिला कप त्यांनीच जिंकला. हे आबांना वाचून दाखवा, दुसऱ्या सामन्यांचे आकडे गाळले तरी चालतील.

आणि एक माणूस मात्र गाळू नका. अँड्र्यू वॉटसन. जन्म ब्रिटिश गयानातला, वडील स्कॉटिश, आई तिथली कृष्णवर्णीय. क्वीन्स पार्कचा बॅक, आणि क्लबाचा सचिवही. १२ मार्च १८८१ ला ओव्हलवर तो स्कॉटलंडचा कर्णधार होता आणि स्कॉटलंडने इंग्लंडला ६-१ ने हरवलं. जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू म्हणून आज त्याचं नाव घेतात. मधली कित्येक दशकं तो विस्मरणात गेला होता.

आता फिरण्याचं. हॅम्पडेन नावाची तीन मैदानं झाली, तिन्ही क्वीन्स पार्कने उभारली आणि तिन्ही एकमेकांपासून जवळ आहेत. पहिलं १८७३ चं. तिथून रेल्वे जाणार म्हणून सोडावं लागलं. आज तिथे बोलिंग क्लबाची हिरवळ आहे. दुसरं १८८४ चं, तेच पुढे थर्ड लॅनार्क क्लबाचं कॅथकिन पार्क झालं. तो क्लब १९६७ मध्ये बुडाला. मैदान आता सार्वजनिक बाग आहे, पण प्रेक्षकांच्या पायऱ्या तशाच आहेत आणि त्यांच्यामधून झाडं उगवली आहेत. आबांना तिथे बाकावर अर्धा तास बसू द्या. तिसरं १९०३ चं, आजचं राष्ट्रीय स्टेडियम. आत फुटबॉलचं संग्रहालय आहे. बागेपासून टॅक्सी करा, गुडघ्याला त्रास होणार नाही.

१९३७ मध्ये याच हॅम्पडेनवर स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला १,४९,४१५ प्रेक्षक होते. एवढ्या मोठ्या मैदानाचा मालक हा बिनपगारी खेळाडूंचा क्लब, आणि त्यांच्या स्वतःच्या लीग सामन्याला काही शे माणसं. तिथे मी स्वतः कित्येक शनिवार बसलोय. गोलकीपरने बॅकला मारलेली हाक पलीकडच्या रिकाम्या स्टँडवर आपटून परत ऐकू यायची.

---

बाकावरचा राखीव:

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये.

बिनपगारी खेळणं सगळ्यांना सारखंच परवडत होतं, असं नाही. क्वीन्स पार्कची सुरुवातीची मंडळी बऱ्यापैकी नोकरी-व्यापारातली होती. खाणीत किंवा जहाजाच्या गोदीत काम करणाऱ्या पोराला सामन्यासाठी गावाबाहेर जायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. घरी चूल पेटायची पंचाईत. त्याने पैसे मागितले म्हणून त्याला खेळाशी बेइमान म्हणता येणार नाही. इंग्लंडने १८८५ मध्ये पगारी खेळाडूंना मान्यता दिली, आणि पास देऊन खेळणारी स्कॉटिश पोरं भराभर तिकडे गेली. त्यांना तिकडे 'स्कॉच प्रोफेसर' म्हणायचे. स्कॉटलंडने १८९३ मध्ये मान्यता दिली. क्वीन्स पार्कचा शेवटचा स्कॉटिश कपही १८९३ चाच. १८९० मध्ये लीग सुरू झाली तेव्हा यातून पैसा वाढणार म्हणून क्वीन्स पार्कवाले बाहेर राहिले, शेवटी १९०० मध्ये आले.

म्हणजे किंमत त्यांनी १८९३ पासूनच मोजली. २०१९ चं मतदान त्याच हिशेबातलं आहे. पोरं घडवायची यांनी आणि न्यायची दुसऱ्यांनी. मँचेस्टर युनायटेडचा पुढे गाजलेला प्रशिक्षक अलेक्स फर्ग्युसन खेळाडू म्हणून इथूनच सुरू झाला. अँडी रॉबर्टसनला सेल्टिक या ग्लासगोच्या मोठ्या क्लबाने लहान चणीचा म्हणून सोडून दिलं होतं. २०१२-१३ च्या मोसमात तो सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये क्वीन्स पार्ककडून खेळला, जोडीला हॅम्पडेनवर तिकिटांचे फोन घेण्याचं काम. सहा वर्षांनी तो लिव्हरपूलकडून चॅम्पियन्स लीग जिंकला आणि स्कॉटलंडचा कर्णधारही झाला. बिनपगारी पोर दुसरीकडे गेलं की क्लबाच्या हाती फारसं काही लागायचं नाही. हॅम्पडेनही २०२० मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनला ५० लाख पौंडांना विकून झालं. सभासदांनी काय करायला हवं होतं?

आबांना विचारा, आज त्यांच्या तालमीचा संघ बाहेरून खेळाडू आणतो तेव्हा मानधन देतो की नाही. त्यांना कोल्हापूरची परिस्थिती माझ्यापेक्षा नीट माहीत असेल.

---

क्लाइडकाका:

राखीव यांचं बरोबर आहे, फक्त एक जोडतो. पगार सुरू झाल्यावर क्लब लगेच वर आला. २०२०-२१ मध्ये सर्वांत खालची डिव्हिजन जिंकली, पुढच्याच मोसमात आणखी एक पायरी चढून दुसऱ्या क्रमांकाच्या लीगमध्ये. आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला स्कॉटिश कपात ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर जाऊन १-० ने हरवलं! शेवटच्या क्षणी रेंजर्सला पेनल्टी मिळाली, ती किपरने अडवली. मी घरात एकटाच उभा राहून ओरडलो, शेजारीण विचारायला आली.

---

पंचगंगाकाठची (मूळ प्रश्नकर्ती):

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री आबांना फोनवर तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले.

लंडनहून परत आल्याची गोष्ट ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, १९६८ साली आमचीही सांगलीहून परतायची एसटी चुकली होती, रात्र स्टँडवर काढली. वॉटसनचं नाव त्यांनी दोनदा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं.

२०१९ चं सांगताना माझाच आवाज बसला होता. राखीव यांचा मजुरीचा परिच्छेद जसाच्या तसा वाचला. आबा म्हणाले, "आमच्या संघातला राइट बॅक गवंडीकाम करायचा. सामन्याच्या दिवशी त्याचा खाडा पडायचा. आम्ही वर्गणी काढून त्याच्या घरी ज्वारी पोचवत होतो. तो पगार न्हवता व्हय?" हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं.

वहीत आता 'पदरमोड करून खेळणारे' हेच लिहिलंय आणि पुढे 'हौशी'. कपांची यादी गाळली. गवंड्याच्या ज्वारीसाठी २०१९ च्या आधी एक पान मोकळं सोडलंय, ते आबा इथे आल्यावर स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत.

एकच शेवटचं विचारते. क्लबाचे काळे-पांढरे आडवे पट्टे १८७३ पासूनचे, त्यावरून त्यांना 'स्पायडर्स' म्हणतात. आबांना त्या पट्ट्यांचा मफलर घ्यायचाय. ऑगस्टमध्ये सामन्याच्या दिवशी मैदानावर मिळेल ना, क्लाइडकाका? की आधी मागवून ठेवू?